जेजूचं गोगी-गुक्सू: तासभर रांगेत उभं राहण्यासारखं त्यात आहे तरी काय?

धोपटमार्ग · शनिवार, रात्री १०:४२

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज एक शंका आहे, तक्रार म्हणा हवं तर.

कंपनीच्या कामासाठी पंधरा दिवस सोलला होतो. मधल्या शनिवार-रविवारी तिथल्या सहकाऱ्याने जेजू बेटावर नेलं. विमानाने तासाभराचा रस्ता. उतरल्या उतरल्या म्हणाला, आधी गोगी-गुक्सू (रश्शातल्या शेवया) खायचं, मग डोंगर आणि समुद्र. जेजू शहरात या गुक्सूच्या दुकानांची अख्खी गल्लीच आहे, संग्रहालयाच्या जवळ. तिथल्या एका दुकानासमोर पन्नास मिनिटं उभे होतो. पाऊस भुरभुरत होता, छत्री एक, माणसं दोन.

शेवटी वाडगा आला. पांढरट रस्सा, त्यात गव्हाच्या जाडसर शेवया, वर उकडलेल्या डुकराचे पाच-सहा काप, कातडीसकट, चरबीची पट्टी लख्ख दिसतेय. कांद्याची पात, गाजराचे दोन तुकडे, चिमूटभर तिखट, तीळ. बस्स. मी पहिला घोट घेतला आणि चवीची वाट बघत बसलो. आता येईल, मग येईल. आलीच नाही. मीठसुद्धा बेताचं. मित्राने मात्र वाडग्याचा तळ दिसेपर्यंत मान वर केली नाही.

मी मूळचा कराडचा. रस्सा म्हटलं की कपाळावर घाम आला पाहिजे अशा घरातला. वाईट होतं असं म्हणत नाही, पण तापातून उठलेल्या माणसाला द्यावं तसं लागलं. दहा हजार वॉन, म्हणजे आपले सहाशेच्या वर. तर जाणकारांनी सांगावं: माझं काय चुकलं, की गुक्सूचंच चुकलं?

रिकामटेकडी_शेंग · रात्री १०:५०

रुमाल टाकून ठेवते.

शाकाहारी_वाघ · रात्री १०:५८

नाव वाचून कोडं वाटलं म्हणून आलो, आत डुक्कर निघालं. परत चाललो. शेवयांची खीर जिंदाबाद.

मु_पो_सुवॉन · रविवार, सकाळी ७:१५

धोपटमार्ग, हसू का रडू? माझं सासर जेजूचं. हा धागा ओमोनीमना (सासूबाईंना) वाचून दाखवला तर तुम्हाला कॉलर धरून परत रांगेत उभं करतील.

आधी सांगा, टेबलावर वाडग्याशिवाय काय होतं? कक्तुगी म्हणजे मुळ्याच्या फोडींचं किमची असणार. कच्चा कांदा, हिरवी मिरची, शेजारी साम्जांगची (आंबवलेल्या सोयाबीनच्या तिखटसर चटणीची) वाटी असणार. तुम्ही त्याला हात लावलात का? माझी पैज आहे, नाही लावलात. ते सगळं मिळून एक जेवण आहे. आपण वरणभात खाताना वरण तिखट नाही म्हणून रुसतो का? लिंबू पिळतो, लोणच्याची फोड घेतो, पापड मोडतो. इथेही तसंच. रस्सा मुद्दाम मवाळ ठेवलेला असतो. मांसाचा काप आणि शेवया एका घासात उचलायच्या, मागोमाग कांदा साम्जांगमध्ये बुडवून कडकन चावायचा. अर्धा वाडगा रिकामा झाला की तिखट वाढवायचं. काही जण कक्तुगीचं आंबट पाणी चमचाभर ओततात, मीही त्यातलीच.

आता शेवया. मुख्य कोरियात लग्नाच्या मेजवानीत जे 'जांची-गुक्सू' करतात त्यात बारीक शेवया आणि सुक्या मासळीचं पाणी. जेजूत मात्र मध्यम जाडीच्या, कारण डुकराच्या जड रश्शात बारीक शेवई लगेच मरते. उकळून गार पाण्याखाली हाताने चोळून धुतात, वरचं पीठ जाईपर्यंत, आणि एकेका माणसापुरते बोळे करून ठेवतात. गिऱ्हाईक आलं की बोळा वाडग्यात, वर कढत रस्सा, तोच रस्सा लगेच परत पातेल्यात, पुन्हा ओतायचा, पुन्हा काढायचा. दोन-तीन वेळा. याला तोर्यम म्हणतात. शेवई आतपर्यंत गरम होते पण लगदा होत नाही, वाडगाही तापतो. ओमोनीम एका हाताने वाडगा तिरका धरून झाऱ्याने शेवया अडवतात, एक धागा खाली पडत नाही. मी केलं तेव्हा निम्म्या शेवया पातेल्यात गेल्या आणि सासरेबुवांनी न बोलता त्या चॉपस्टिकने शोधून काढल्या.

धोपटमार्ग · सकाळी ९:०२

पैज जिंकलात. कांदा होता, मी त्याला सजावट समजलो. कक्तुगीच्या दोन फोडी सगळं संपल्यावर खाल्ल्या, बडीशेपेसारख्या.

रस्सेवाला_कोल्हापूर · सकाळी ९:३०

बडीशेपेसारख्या =)) =))

बाकी पांढरा रस्सा म्हटल्यावर आम्हाला बोलणं भाग आहे. हा आपल्या पांढऱ्याचाच कोरियन भाऊ दिसतोय. फक्त बिचाऱ्याला तांबडा भेटला नाही.

अर्धा_कप · सकाळी १०:१०

भाऊ नाही हो, लांबचा चुलतही नाही. आपला पांढरा रस्सा पांढरा होतो नारळाच्या दुधाने, काजू-खसखस-तिळाच्या वाटणाने. यांच्यात वाटण नाहीच. त्यांचा पांढरेपणा हाडांतून आणि चरबीतून येतो. कातडी, सांधे, हाडं यांतलं कोलॅजन तासन्‌तास उकळून जिलेटिन होतं, आणि पातेलं खदखदत ठेवलं की चरबी फुटून तिचे बारीक बारीक कण पाण्यात पसरतात. जिलेटिन त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. दूध पांढरं दिसतं त्याच कारणाने हाही पांढरा. हेच हाडूक मंद आचेवर ठेवा, दिवसभर ठेवा, रस्सा नितळ राहील.

म्हणून कोणी पांढरं करायला वरून दूध घालायचं सुचवलं तर त्याला धाग्यातून हाकला.

रस्सेवाला_कोल्हापूर · सकाळी १०:१८

खसखशीचा अपमान सहन केला जाणार नाही. बाकी माहितीबद्दल आभार.

मु_पो_सुवॉन · सकाळी १०:४०

अर्धा_कप, अगदी बरोबर. पण जेजूतल्या सगळ्या दुकानांत तो पांढरा मिळेल असं नाही. काहींचा नितळ असतो. काही जण डुकराच्या रश्शात सुक्या मासळीचं पाणी मिसळतात, त्याला म्यॉल्गो-गुक्सू म्हणतात: म्यॉल्ची म्हणजे ती बारीक मासळी, गोगी म्हणजे मांस, दोघांची पहिली अक्षरं. ज्यांना नुसतं डुक्कर जड जातं त्यांच्यासाठी बरं. धोपटमार्ग, पुढच्या वेळी तुम्ही तिथून सुरुवात करा.

आणि नावातली गंमत सांगायची राहिली. 'गोगी' म्हणजे नुसतं मांस. कुणाचं ते नावात नाही. जेजूत मांस म्हटलं की डुक्करच, वेगळं सांगायची गरज कुणाला वाटली नाही. मुख्य कोरियात डुकराचं असेल तर तसं नावात येतं. (तिथल्या बेटाच्या बोलीत डुकराला 'दोत' म्हणतात. ही जेजूची भाषा युनेस्कोने २०१० मध्ये नामशेष व्हायच्या बेतात आलेल्या भाषांत घातली. माझ्या नवऱ्याला कळते, बोलता येत नाही. सासू-सासरे भांडतात त्याच भाषेत, त्यामुळे मला अजून भांडणं कळत नाहीत. सुखी आहे.)

पाणंदवाट · सकाळी ११:०५

आपल्याकडे 'मटण' म्हटलं की बोकड, तसंच की. मेंढीचं असलं तर वेगळं सांगतात.

सासष्टीकार · दुपारी १२:३०

मडगांवहून नमस्कार. डुकराचा विषय निघाला आणि गोंयकार गप्प बसला असं व्हायचं नाही.

जेजूबद्दल एक गोष्ट कुणी लिहीत नाही, मी लिहितो. तिथे पूर्वी घरामागे दगडी भिंतीचं आवार असायचं, त्यात उंचावर दोन दगड, खाली डुक्कर. माणसाचा संडास आणि डुकराचा गोठा एकच. 'तोंगशी' म्हणतात. आमच्याकडेही अगदी हेच होतं. लहानपणी आजीच्या घरी बसायचो तेव्हा खालून सूं सूं आवाज यायचा, मी काठी घेऊन जायचो. आता जवळपास सगळीकडे गेलं. सोरपोतेल (डुकराचं आंबट-तिखट कालवण) मात्र राहिलं. लग्नात, फेस्ताला, नाताळात सोरपोतेल नसेल तर पाहुणे जेवतील, पण घरी जाऊन बोलतील.

कढीपत्ता · दुपारी १२:४१

मी जेवताना वाचत होतो. धन्यवाद.

रिकामटेकडी_शेंग · दुपारी १२:४३

कढीपत्ता, हसून हसून पुरेवाट. वरती इशारा टाकायला हवा होता.

मु_पो_सुवॉन · दुपारी १:२०

सासष्टीकार, गोव्यातही होतं हे माहीत होतं, पण आजीच्या घरचं पहिल्यांदाच ऐकलं. तोंगशीत आणखी एक काम चालायचं. आत जवसाचा (म्हणजे सातूचा, बार्लीचा, मराठी विसरत चालले) पेंढा टाकत राहायचे. डुक्कर तो तुडवायचं, त्याचं खत व्हायचं आणि सातूच्या पेरणीत ते खत बियाण्यात कालवून टाकायचे. जेजूची माती ज्वालामुखीची, हलकी, त्यात वारा असा की पेरलेलं उडून जाईल. जड खतामुळे बी जागेवर बसायचं. म्हणजे डुक्कर नसेल तर शेत नाही. सत्तरच्या दशकात गावसुधारणेच्या सरकारी मोहिमेत तोंगश्या पाडल्या. आता सॉन्गउप नावाच्या जपलेल्या जुन्या गावात बघायला मिळते, काळ्या डुकरांसकट.

अर्धा_कप · दुपारी १:३५

काळं डुक्कर म्हणजे तेच ना, जे २०१५ साली कोरियाने राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केलं? मग खातात कसं?

मु_पो_सुवॉन · दुपारी १:५०

संरक्षण आहे ते सरकारी पशुसंवर्धन संस्थेतल्या शुद्ध वंशाच्या कळपाला. हॉटेलात मिळतात ती वेगळी, बहुतेक संकरित. आणि गुक्सूच्या वाडग्यात काळंच असेल असंही धरून चालू नका. साधं पांढरं डुक्करही असतं, आणि ओमोनीमच्या मते काळ्याचे जादा पैसे भाजून खाताना द्यावेत, रश्शात कशाला.

जुनी_चोपडी · दुपारी ३:१५

छान चाललंय. एक खडा टाकतो. धाग्यात दोनदा कुणीतरी 'पारंपरिक' म्हणण्याच्या बेतात आहे असं दिसतंय, त्याआधीच.

जेजूत भात पिकत नाही असं म्हटलं तरी चालेल, कारण माती पाणी धरतच नाही. सातू, बाजरीसारखी धान्यं आणि बकव्हीट (आपल्या उपवासाच्या दुकानात कुट्टू म्हणून मिळतं ते) यांवर बेट जगलं. गव्हाच्या सुक्या शेवया तिथे आल्या जपानी अंमलात, म्हणजे १९१० ते १९४५ च्या दरम्यान. त्याआधी लग्नात डुकराचं जे पाणी उरायचं त्याचं 'मोमगुक' व्हायचं. मांस, आतडी, रक्ताची सुंदे (आतड्यात रक्त भरून उकडलेली) हे सगळं एकाच मोठ्या कढईत उकडून घ्यायचं, उरलेल्या पाण्यात 'मोम' नावाचं समुद्री शेवाळ घालायचं आणि कुट्टूचं पीठ लावून दाट करायचं. सगळ्या गावाला पुरायचं.

मग साठच्या दशकात दक्षिण कोरियात तांदूळ कमी पडला. अमेरिकेचा गहू येत होता. सरकारने गव्हाचं खा म्हणून मोहीम काढली. १९६९ पासून हॉटेलांत बुधवारी आणि शनिवारी दुपारी तांदळाचं काही विकायचं नाही असा नियम, शाळेत मास्तर डबे उघडून बघायचे की भातात दुसरं धान्य आहे की नाही. त्याच वर्षी लग्न-मर्तिकांचे खर्च आवरा म्हणून 'कौटुंबिक विधींचे नियम' आले, १९७३ मध्ये ते आणखी कडक केले. तीन तीन दिवसांच्या मेजवान्या आटल्या, आणि मोमगुकच्या जागी झटपट होणारं गुक्सू आलं. दुकानांत तर ते आणखी नंतर रुळलं. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो त्याचं वय माझ्याएवढं आहे.

बोरूबहाद्दर_निवृत्त · दुपारी ४:००

जुनी_चोपडी यांचं वाचून बाहत्तरचा दुष्काळ आठवला. आमच्याकडे तेव्हा अमेरिकेचा लाल मिलो (तिकडची ज्वारी) आला होता. भाकरी थापली की कडा तुटायच्या, रंग विटेसारखा. आई म्हणायची, गिळा, चावू नका. रोजगार हमीच्या कामावर, आधी दुष्काळी कामं म्हणायचे, तिथे सुकडी वाटायचे. सुकडी मात्र आवडायची. आमच्या मिलोचा काही पदार्थ झाला नाही. त्यांच्या गव्हाचं गुक्सू झालं. नशीब एकेका धान्याचं.

रिकामटेकडी_शेंग · दुपारी ४:१२

काका, दंडवत. असं लिहीत राहा.

रस्सेवाला_कोल्हापूर · दुपारी ४:३०

मग हे पारंपरिक नाहीच तर! पन्नास मिनिटं रांग कशाला? सरकारी मोहिमेसाठी?

पाणंदवाट · दुपारी ४:४५

साबुदाण्याची खिचडी पारंपरिक आहे का? साबुदाणा, बटाटा, मिरची, शेंगदाणा. चौघेही मूळचे अमेरिका खंडांतले. आणि एकादशीला आपण गहू-तांदूळ खात नाही, का तर सोवळं. :P

शाकाहारी_वाघ · दुपारी ४:४७

परत आलो. खिचडीला काही बोलायचं नाही.

जुनी_चोपडी · दुपारी ५:०५

पाणंदवाट, मुद्दा मान्य. मी 'खोटं' म्हटलं नव्हतं, 'वय' सांगितलं होतं. डुक्कर उकडून त्याच्या पाण्यात सगळ्या गावाला जेवू घालायचं ही रीत जुनी. पाण्यात काय पडतं ते बदलत गेलं.

माडाखालचा · सायंकाळी ५:४०

अवांतर: आमच्या मालवणात शिरवाळे करतात. तांदळाच्या उकडीचे गोळे लाकडी साच्यातून दाबून काढायचे, दोन माणसं साच्याच्या दांड्यावर लोंबकळतात. गूळ घातलेल्या नारळाच्या रसात खायचे. शेवया आणि पांढरा रस, फक्त गोड. शाकाहारी_वाघ, तुमची सोय झाली.

शाकाहारी_वाघ · सायंकाळी ५:४४

पत्ता द्या.

मु_पो_सुवॉन · रात्री ८:३०

मुलांना झोपवून आले. आता जे लिहायचं होतं ते लिहिते, कारण धोपटमार्गांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला वाटतं चवीत नाहीये.

जेजूत जुन्या पद्धतीचं लग्न तीन दिवस. पहिला दिवस डुक्कर कापायचा, दुसरा भावकीच्या जेवणाचा, तिसरा लग्नाचा. डुकरं त्यासाठीच वाढवलेली. सगळ्या कामांत सगळ्यात मोठा माणूस म्हणजे 'दोगाम'. तो नवरदेवाचा बाप नसतो, मामाही नसतो. दोगाम म्हणजे मांस कापून वाटणारा. त्याला आधीपासून सांगून ठेवावं लागतं, कारण चांगला दोगाम गावात एखादाच. उकडलेलं मांस त्याच्या ताब्यात. तो ज्या फळीवर कापतो ती 'दोम्बे'. (हॉटेलात 'दोम्बे-गोगी' म्हणून लाकडी फळीवर काप आणून ठेवतात ते यावरूनच.)

प्रत्येक पाहुण्याला एक 'बान' मिळतो. बान म्हणजे वाटा: मांसाचे तीन काप, एक तुकडा सुंदेचा, एक तुकडा टोफूचा. श्रीमंत-गरीब, म्हातारा-पोर, सगळ्यांना तेवढाच. आता विचार करा, डुकरं मोजकी, पाहुणे किती येतील ते कुणी सांगावं. काप जाड पडले तर तिसऱ्या दिवशी मांस संपणार आणि त्या घराची शोभा होणार. पातळ पडले तर लोक म्हणणार, चिक्कू माणसं. दोगाम दारातली गर्दी बघून सुरीची जाडी ठरवतो.

सासऱ्यांचे चुलते दोगाम होते. मी त्यांना पाहिलं ते अगदी उतारवयात, लग्नं तेव्हा हॉलमध्ये आणि बुफेवर गेली होती. एका चुसॉकला (त्यांची भाद्रपदातली पितरांची पौर्णिमा) घरच्या घरी मांस उकडलं होतं. सगळे टेबलाशी बसले आणि कुणीही सुरीला हात लावेना. ते आले, बसले, डोळ्यांनी माणसं मोजली, मलाही मोजलं. मग कापायला लागले. कातडी वरच्या बाजूला, सुरी किंचित तिरकी, प्रत्येक कापात कातडी, चरबी आणि लाल मांस तिन्ही आलंच पाहिजे. एक शब्द बोलले नाहीत. शेवटचा काप पडला आणि फळी रिकामी, बारा माणसांना छत्तीस.

त्या पाण्यात गुक्सू. म्हणून त्यात मसाला नाही, कारण तो मुळात रस्सा म्हणून केलेलाच नाही. वाटे घालून झाल्यावर जे उरतं ते सगळ्यांच्या पोटात जावं म्हणून केलेलं आहे.

कढीपत्ता · रात्री ८:५२

दुपारची तक्रार मागे घेतो.

पाणंदवाट · रात्री ९:२०

अहो हे तर आमच्याकडचे वाटे!

आमचं गाव सातारच्या बाजूला. आखाड असो, जत्रा असो, आठ-दहा घरं मिळून बोकड घ्यायची. ओढ्याकाठी कडुलिंबाखाली पळसाची पानं मांडायची, जेवढी घरं तेवढी पानं. वाटे घालायला एक ठरलेले अण्णा. तराजू नाही. प्रत्येक पानावर थोडं मांडीचं, थोडं बरगडीचं, एक नळी, काळजाचा एवढासा तुकडा, चरबीचा एवढासा. मग मागे सरकून, मान वाकडी करून सगळ्या पानांकडे बघायचे आणि एका पानावरून बोटभर उचलून दुसऱ्यावर टाकायचे. असं पाच-सहा वेळा. आम्ही पोरं उन्हात कढ काढत उभी.

नंतर एका पोराला पाठ करून उभं करायचे. अण्णा एका वाट्यावर काठी ठेवून विचारायचे, "हा कुणाचा?" पाठमोरं पोर ओरडायचं, "तात्यांचा!" "हा कुणाचा?" "वरल्या आळीचा!" त्यामुळे भांडणाला जागाच नाही. आणि अण्णांचा स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी, जो राहील तो.

सासष्टीकार · रात्री ९:४५

हें बरें. पाठमोऱ्या पोराची युक्ती सरकारने घ्यायला हवी.

मु_पो_सुवॉन · रात्री ९:५०

पाणंदवाट, अंगावर काटा आला. उद्या नवऱ्याला भाषांतर करून सांगते.

रिकामटेकडी_शेंग · रात्री १०:०५

मला एक कुणीतरी सांगा, लग्नात गुक्सू खातात म्हणजे तिथे पोरींना "गुक्सू कधी?" असं विचारतात का?

मु_पो_सुवॉन · रात्री १०:११

अगदी तेच विचारतात! "गुक्सू कधी खायला घालणार?" म्हणजे लग्न कधी करणार. सगळ्या कोरियात. पहिल्यांदा मला ऑफिसमधल्या एका बाईंनी विचारलं तेव्हा मी शनिवारी घरी बोलावून मॅगी खायला घातली.

रस्सेवाला_कोल्हापूर · रात्री १०:१४

=)) =)) धागा इथेच संपवा.

रिकामटेकडी_शेंग · रात्री १०:१६

म्हणजे "लाडू कधी?" पासून पळून कोरियात गेलं तरी सुटका नाही. तिकीट रद्द करते.

धोपटमार्ग · रात्री ११:००

मी गप्प वाचतोय. सहकाऱ्याला मेसेज केला, तुझं घर कुठलं म्हणून. म्हणाला आजोळ जेजूचं, लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून खायचो. मला हे रांगेत उभा असताना विचारायचं सुचलं नाही.

हे पुण्यात घरी जमेल का? बायको म्हणतेय वास सहन करीन, पण एकदाच.

मु_पो_सुवॉन · सोमवार, सकाळी ६:५०

जमेल. चार माणसांना: दीड किलो हाडं आणि किलोभर मांस, खांद्याचं किंवा पोटाचं, कातडीसकट मिळालं तर सोनं. हाडं दोन तास गार पाण्यात ठेवून रक्त उतरू द्या. मग उकळी आणून ते पहिलं पाणी सरळ मोरीत. वासाची निम्मी तक्रार तिथेच जाते. हाडं धुऊन नवं पाणी, कांदा, आलं, भरपूर लसूण. मांसाचा तुकडा अखंड आत, तासाभराने बाहेर काढून गार करा. गरम कापलंत तर चुरा होईल. हाडं आणखी चार तास, मोठ्या आचेवर, झाकण अर्धवट, पाणी आटलं की उकळतं पाणी घालत राहायचं. मीठ शेवटी.

शेवया: आपल्या भाजक्या चालणार नाहीत, त्या विरघळतात. गव्हाच्या कोरियन नाहीतर जपानी सुक्या घ्या, उदोनपेक्षा (त्या जाड जपानी शेवयांपेक्षा) बारीक. तांदळाच्या तर नकोच.

माडाखालचा · सकाळी ८:२०

पुण्यात कॅम्पात मांस मिळेल. कातडी काढू नको म्हणून आधीच सांगा, ते सवयीने काढतात.

*(तीन आठवड्यांनी)*

धोपटमार्ग · रविवार, सायंकाळी ६:३०

धागा वर काढतोय.

केलं. पहिले तीन तास रस्सा पाण्यासारखा. कारण मी बाजारात गेलो असताना बायकोने वासाला कंटाळून गॅस बारीक केला होता. अर्धा_कप यांचं आठवलं, आच मोठी केली, तासाभरात दुधासारखा झाला. दोघं पातेल्यात वाकून बघत बसलो. तोर्यम करायला गेलो, शेवया पातेल्यात. सासरेबुवा नव्हते, स्वतःच शोधल्या.

सोबत कच्चा कांदा, मिरची, आणि कक्तुगी नाही म्हणून मुळ्याच्या फोडी तिखट-मीठ-व्हिनेगर लावून. या वेळी सगळं हाताशी घेऊन बसलो. काप, शेवई, कांदा, परत रस्सा. कपाळावर घाम नाही आला. पण तळ दिसला, आणि तो दिसल्यावर वाईट वाटलं. तेव्हा माझंच चुकलं होतं, लिहून ठेवतो. (बायकोने तिच्या वाडग्यात कांदा-लसूण मसाला घातला. मी बघितलं नाही असं दाखवलं.)

एकच अडचण आली. चार जण होतो, आई-बाबाही आले होते. काप सारखे पडावेत म्हणून अगदी मान वाकडी करकरून कापले. मोजले तर बावीस. पाच-पाच दिले, दोन उरले. ते कुणाचे?

पाणंदवाट · सायंकाळी ६:४१

कापणारा शेवटी, जो राहील तो. पण आधी आईला पाठ करून उभं करा आणि विचारा.